हौश्याचा मागचा टायर

एका गावात एक भोळा घरजावई होता. गावाचं नाव हिवरवाडी. नाव सांगून गावाची अब्रू घालवू नका, असं आमच्या सरपंचांनी बजावलंय. पण ती आम्ही सगळ्यांनी मिळून आधीच इतकी घालवली होती, की एकट्या जावयावर खापर फोडणं बरं नव्हे. शेवटी काय झालं ते ऐका, मग तुम्हीच ठरवा मोठा शहाणा कोण ते.

जावयाचं नाव आकाराम. स्वभावानं निव्वळ गाय. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणार, त्यात रतीभर कमी नाही की जास्त नाही. एकदा सासूनं सांगितलं, "दूध उतू जातंय काय बघ." आकारामनं चुलीपुढं बसून शेवटपर्यंत बघितलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "होय, गेलं."

स्वतःबद्दल त्याचा काही गैरसमज नव्हता. पारावर कुणी चेष्टा केली की आमच्याआधी तोच हसायचा. म्हणायचा, "देवानं मला डोकं दिलंय. फक्त ते वापर म्हणून सांगितलं न्हाई. अन् सांगितल्याबिगर मी काय करत न्हाई."

त्याचा सासरा म्हणजे येसू हेडी. जनावरांच्या व्यापाऱ्याला आमच्याकडं हेडी म्हणतात. या बाजारात बैल घ्यायचा, त्या बाजारात विकायचा, असं येसूमामांचं आयुष्य गेलं. पुढं शेतात ट्रॅक्टर आले, बैलबाजार ओस पडले. तेव्हा मामांनी शेवटची जोडी विकली आणि एक दांडगी मोटरसायकल आणली. असली तसली नव्हे. उभी करायला दोन गडी लागायचे, आणि चालू झाली की पत्र्यावरची मांजरं खाली उतरायची. विकलेल्या बैलाचं नाव हौश्या होतं, म्हणून गाडीचंही नाव हौश्या. मामा तिला 'तो' म्हणायचे. संध्याकाळी तिच्या टाकीवरनं हात फिरवायचे. बेंदराला तिच्या हँडलला शिंगांसारखा रंग आणि गोंडे असायचे, आणि दिव्यापुढं पुरणपोळीचा घास धरला जायचा.

बेंदूर म्हणजे आमच्या भागातला बैलांचा सण. त्या दिवशी वेशीत पानाफुलांचा जाड दोर आडवा बांधतात, त्याला कर म्हणतात. सजवलेलं जनावर पळत येतं आणि कर तोडतं. गावात पळणारा बैल उरला नाही, तेव्हापासून आमच्याकडं कर हौश्याच तोडायचा, वर मामा बसलेले.

यंदा मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांनी पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आता माझ्यानं हुईत न्हाई. यंदाच्या बेंदराला हौश्यावर बसून जो कर तोडील, हौश्या त्याचा. येसू हेड्याचा शब्द हाय."

आम्ही सगळ्यांनी आकारामकडं बघितलं. आकारामनं मागं वळून बघितलं, कुणाकडं बघतायत म्हणून.

अडचण एकच होती. हौश्याचा पुढचा टायर धड होता, पण मागचा पार गुळगुळीत झाला होता. हात फिरवला तर मामांच्या टकलावरनं फिरवल्यासारखा वाटायचा. त्यात बेंदूर पडतो पावसात, आणि वेशीपाशी ही चिखलाची राड. नवा टायर घातल्याशिवाय कुणी बसायचं नाही, असं मामांनी ठरवलं. आकारामला म्हणाले, "टायर पारखून आणलास तर तू बसशील. न्हाईतर इचलकरंजीच्या थोरल्या जावयाला बोलावतो."

आता घरजावयाला गावात काय किंमत असते ते तुम्हाला मी सांगायला नको. आकारामला गाडी चालवता येत होती, पण लग्न झाल्यापासून हौश्या त्याला नुसता धुवायला मिळाला होता. आणि त्याची बायको वैजू, तिची एकच इच्छा होती. "एकदा तुमच्या मागं बसून वेशीतनं जायचंय," ती म्हणाली. "आईबापाच्या घरी राहतीया म्हणून नाकं मुरडत्यात ना सगळ्या, त्यांना बघू दे जरा." आकारामला ते ऐकून इतकं भरून आलं, की त्यानं त्या दिवशी हौश्या दोनदा धुतला.

सकाळी मामांनी त्याला समोर बसवलं. "मिरजेला शौकतभाईच्या दुकानात दोन टायर हायत. एक मऊ रबराचा, एक कडक. दोन्ही बघायचे. पण बाजाराचा पहिला नियम ध्यानात ठेव. समोरच्यानं काय पण विचारू दे, होय म्हणायचं न्हाई. होय म्हटलं की आपण कापलो."

आकारामनं ते घोकत घोकत मिरज गाठली. दुकानात शिरला. शौकतभाई भला माणूस, हसून म्हणाला, "या या. हिवरवाडीचे काय तुम्ही?"

आकारामनं ओठ घट्ट मिटले.

"येसूमामांचे जावई ना?"

आकाराम गप्प.

"चहा घेणार?"

पहाटे निघाल्यामुळं आकारामला चहाची फार तलफ आली होती. पण तो कापला जाणार नव्हता. तो भिंतीकडं बघत राहिला.

"दुसरंच कोण दिसतंय," शौकतभाई कामगाराला म्हणाला. "दादा, जरा त्या बाकावर सरकून बसा. मामांचा जावई येणार हाय, त्याच्यासाठी दोन टायर काढून ठेवलेत."

आकाराम बाकावर सरकला. संध्याकाळपर्यंत तोही शौकतभाईबरोबर रस्त्याकडं नजर लावून बसला. दुकानाचं शटर पडलं तेव्हा तो उठला आणि शेवटच्या एसटीनं घरी आला.

"मामा," तो म्हणाला, "दिवसभर थांबलो. तुमचा जावई काय आलाच न्हाई."

वैजूनं कपाळाला हात लावला. मामांनी आधी पाणी मागितलं, मग बोलले. "अरे शहाण्या, आपण कोण, कुठले, कुणाचे, ते तरी सांगायचं का न्हाई? विचारलं की सगळं सांगायचं. अन् मग जनावर पारखायचं. दात बघायचे. पाठीवर थाप मारायची. अन् चालवून बघायचं. चालवल्याबिगर जनावर कळत न्हाई."

"दात, थाप, चालवून," आकाराम म्हणाला. "हे आधी सांगितलं असतं तर आजच झालं असतं."

दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" आकाराम उभा राहिला आणि म्हणाला, "मी आकाराम, येसू हेड्याचा धाकटा जावई, हिवरवाडीला सासऱ्याच्या घरीच असतो, टायर बघायला चाललोय." मागची बाई म्हणाली, "बरं झालं बाबा, जीव टांगणीला लागला हुता माझा." आकारामनं तिला हात जोडले.

दुकानात त्यानं हेच सगळं पुन्हा सांगितलं. शौकतभाईनं त्याला निरखून बघितलं. "काल दिवसभर बाकावर तुम्हीच होता की."

"होय."

"मग काल का बोलला न्हाईसा?"

"काल होय म्हणायचं नव्हतं."

शौकतभाईनं जास्त चौकशी केली नाही. त्यानं दोन्ही टायर पुढं आणून ठेवले आणि समजावून सांगितलं. "हे बघा. गाडी जड, इंजनाला जोर लई. सगळा भार मागच्या टायरवर. हा मऊ. रस्ता धरून राहतो, चिखलात, पाण्यात सोडत न्हाई. पण झिजतो लवकर. हा कडक. वर्षानुवर्षं बघायला नको. पण ओल्या डांबरावर मागनं सरकतो. आता तुमचं तुम्ही ठरवा."

आकारामनं आधी दात बघितले. टायरच्या खाचांत बोटं घालून एकेक दात हलवून बघितला. सगळे पक्के होते. नव्या रबरावर ते बारीक केस असतात ना, ते बघून तो म्हणाला, "अंगावर लव हाय. तरणे हायत दोघंबी." मग पाठीवर थाप मारली. मऊ काहीच बोलला नाही. कडकनं जरा आवाज दिला. आकारामनं मान डोलावली.

"आता चालवून बघतो," तो म्हणाला.

शौकतभाई फोनवर बोलत होता. त्याला वाटलं, पावणा विचार करतोय. त्याचं दुकान चढावर, आणि खाली सरळ उतार, तो थेट बसस्टँडाला जाऊन मिळतो. आकारामनं दोन्ही टायर रस्त्यात शेजारी शेजारी उभे केले, बैलांना करतात तसं चुचकारलं आणि दोघांना एकदम सोडलं.

मऊ टायर थोडा गेला, डुलला, आणि एका भाजीवालीच्या वांग्यांत जाऊन बसला. कडकनं मात्र मागं बघितलं नाही. एक सायकलवाला चुकवला, एक हातगाडा चुकवला, चौकातल्या पोलिसासमोरनं गेला आणि स्टँडात शिरून फलाटावर रांगेच्या शेवटाला टेकला. मागनं आकाराम धावत होता. त्याच्या मागनं भाजीवाली. तिच्या मागनं शौकतभाई, हातात अजून फोन.

टायर परत दुकानात आल्यावर शौकतभाईनं हात जोडले. "दादा, तुम्ही माणूस चांगले हायसा. पण एकटे येत जाऊ नका."

घरी आकाराम खुशीत होता. "मामा, चालवून बघितले. मऊ बसका हाय, घरात शिरल्यासारखा वांग्यांत शिरला. कडक पळतोय, पण जरा अंगावर जाणारा वाटला."

"मोकळे सोडलेस?" मामांचा आवाज चिरकला.

"चालवून बघा म्हणालासा की."

मामांनी डोळे मिटून घेतले. "आकाराम, जनावर हातातनं मोकळं सोडत न्हाईत. दावं हातात लागतं. अरे, बैल इकला तरी हेडी त्याच्या गळ्यातलं दावं देत न्हाई. दावं गेलं की दावणीची लक्ष्मी गेली. ज्याच्या हातात दावं, त्याचं जनावर. कळलं?"

"कळलं. दावं सोडायचं न्हाई."

"बेंदूर परवावर आलाय. सकाळी हौश्यालाच घेऊन जा आणि तिथंच टायर बसवून आण. हळू जा. अन् मुक्यासारखा बसू नकोस, कुणी विचारलं तर होय म्हण. काय वाट्टेल ते दे, पण टायर घेतल्याबिगर ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

त्या सकाळी आकाराम पहिल्यांदा हौश्यावर बसला. मामांनी हळू जा म्हटलं होतं, तो हळू गेला. आधी एका सायकलनं त्याला मागं टाकलं, मग एका म्हशीनं. पण त्याला त्याचं काही नव्हतं. उद्या अशीच वैजू मागं बसणार, तिचा हात आपल्या खांद्यावर असणार, या विचारानं त्याला रस्ताभर हसू येत होतं. म्हैस दोनदा वळून बघत होती.

दुकानात शौकतभाई नव्हता, नमाजाला गेला होता. बाकावर एक एजंट बसला होता, जुन्या गाड्या घेऊन विकणारा. त्यानं हौश्याला बघितलं आणि तो उठून उभा राहिला.

"गाडी तुमची?"

"होय," आकाराम म्हणाला. आज त्याला तसंच सांगितलं होतं. आणि विचारलंच आहे म्हणून पुढचंही सांगितलं. "मी आकाराम, येसू हेड्याचा धाकटा जावई, हिवरवाडीला सासऱ्याच्या घरीच असतो."

"बरं. द्यायची काय?"

"होय."

एजंट जरा जवळ आला. "बदल्यात काय घेणार?"

आकारामला मामांचे शब्द तोंडपाठ होते. काय वाट्टेल ते दे, पण टायर घे. "मागचा टायर," तो म्हणाला.

एजंटनं मागं वळून बघितलं, कुणी ऐकतंय काय म्हणून. "नुसता टायर? कुठला?"

"तिथंच तर घोडं अडलंय. मऊ ओल्यात धरतो, पण झिजतो. कडक टिकतो, पण सरकतो. दोघांत डावं-उजवं काय ठरत न्हाई बघा."

"मग दोन्ही घ्या की," एजंट म्हणाला.

आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या दिवसांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. असा दिलदार माणूस मिरजेत बाकावर बसलेला असावा, आणि आपण दोन दिवस वांगी तुडवत फिरावं. एजंटनं कामगाराकडं टायरांचे पैसे भरले आणि हात पुढं केला. "किल्ली?"

"दावं मिळत न्हाई," आकाराम म्हणाला. "आमच्यात जनावर देतात, दावं देत न्हाईत."

एजंटनं समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. आकारामनं किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली, दोन्ही खांद्यांवर एकेक टायर घेतला आणि एसटी गाठली.

वैजूनं त्याला लांबनं बघितलं. दोन टायर आणि मधे नवरा. तिला वाटलं, जास्तीचा एक आणला असेल. ती हसत बाहेर आली, पण मागं गाडीचा आवाज नव्हता. मामा ओट्यावरनं उठले. "हौश्या कुठाय?"

"दिला," आकाराम म्हणाला. "पैसे तसेच शिल्लक हायत मामा, हे घ्या. दोन्ही टायर आणले. अन् दावं दिलं न्हाई." त्यानं किल्ली काढून वर धरली.

मामा खाली बसले. सासूनं चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं, कारण आज कुणी बघणार नव्हतं.

आकाराम गोठ्यात जाऊन बसला. हौश्या उभा राहायचा तिथं तेलाचे डाग पडले होते. त्याला फार वाईट वाटलं. आपण कुठं चुकलो ते कळलं असतं तर निदान धड रडता तरी आलं असतं. वैजू येऊन शेजारी बसली. तिचे डोळे सुजले होते. "जाऊ द्या," ती म्हणाली. "किल्ली तरी ठेवलीसा."

दुसऱ्या दिवशी बेंदूर. वेशीत कर बांधला गेला. हलगीवाले हलग्या शेकून बसले. बारीक पाऊस लागला होता. गावाला अजून काही ठाऊक नव्हतं. हौश्या कधी निघतोय म्हणून आम्ही सगळे गुलालाच्या पिशव्या धरून रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे होतो.

तेवढ्यात येसूमामांच्या दारात एक टेंपो येऊन थांबला. मागं दोरांनी बांधलेला हौश्या. पुढनं तो एजंट उतरला, अंगात रेनकोट, हातात हेल्मेट. किल्लीवाचून गाडी त्याच्या काही कामाची नव्हती, आणि पत्ता तर आकारामनं स्वतःच सांगितला होता. आमच्यातल्या चार पोरांनी हौसेनं फळी लावून हौश्याला खाली उतरवला. म्हटलं, नव्या टायरानं आला असेल. मागं वाकून बघायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

मामांनी खिडकीतनं बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी आकारामच्या पाठीवर हात ठेवला. लग्नापासून पहिल्यांदा. "आकाराम, तू दावं ठेवलंस म्हणून जनावर घरी आलं. हेड्याचा जावई शोभलास."

आत वैजू घाईघाईनं नवं लुगडं नेसायला लागली.

"आता ऐक," मामा म्हणाले. "घरामागच्या परड्यातनं मी टायर घेऊन येतो. त्याचे टायर त्याला, आपला हौश्या आपल्याला. मी येईस्तोवर त्यानं काय पण विचारू दे. होय म्हणायचं न्हाई."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाबी न्हाई."

मामा गुडघे धरत परड्याकडं गेले. आकाराम अंगणात आला. यावेळी चूक होऊ द्यायची नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं.

"काय पावणं," एजंट म्हणाला, "विचार बदलला काय तुमचा?"

होय अगदी जिभेवर आलं होतं. आकारामनं ते गिळलं. "न्हाई."

"गाडी परत पाहिजे काय?"

हे तर त्याला कालपासून, अगदी लग्न झाल्यापासून पाहिजे होतं. त्यानं दात आवळले. "न्हाई."

"मग ते तुमचं दावं देणार न्हाई म्हणताय काय?"

आकारामला घाम फुटला. मामांचा हात अजून पाठीवर असल्यासारखा वाटत होता. "न्हाई," तो म्हणाला.

"मग आणा की हिकडं."

यात होय म्हणण्यासारखं काही नव्हतं. आकारामनं किल्ली काढून दिली.

एजंटनं हेल्मेट घातलं आणि किल्ली फिरवली. हौश्या गरजला. मांजरं पत्र्यावरनं खाली आली. हलगीवाल्यांना वाटलं, निघाला, आणि त्यांनी हलग्या कडाडल्या. गावाबाहेर जायचा रस्ता एकच, वेशीतला. मागचा गुळगुळीत टायर राडीत दोनदा सरकला, पण हौश्यानं झेप घेतली आणि कर मधोमध तुटला. जावयानं कर तोडला म्हणून आम्ही नाचलो. इतका गुलाल उधळला, की हेल्मेटाच्या आत कोण आहे ते बघायला कुणी उरलं नाही. गुलालानं माखलेला तो माणूस हात हलवत निघून गेला. आणि कर तोडील त्याचा हौश्या, असा येसू हेड्याचा शब्द होता.

मामा परड्यातनं आले, दोन्ही हातांत एकेक टायर. दारात वैजू नव्या लुगड्यात उभी होती. मामांनी रिकामं अंगण बघितलं, मग वेशीकडं बघितलं, आणि त्यांच्या हातातले टायर सुटले. मऊ तिथंच बसला. कडक उतारावरनं हौश्याच्या मागोमाग वेशीकडं चालू लागला.

आकाराम पुढं आला. आज कुठं चुकलो नाही, या आनंदानं त्याचं तोंड उजळलं होतं.

"मामा," तो म्हणाला, "लई फिरवून फिरवून विचारलं त्यानं. पण मी एकदाबी होय म्हटलं न्हाई."